बिनखिळ्यांची होडी

मी सुतार आहे. तीस वर्षं दारं, खिडक्या, कपाटं आणि लोकांच्या डुगडुगणाऱ्या खुर्च्या करत आलोय. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते सगळं लाकडाचं काम होतं आणि तरीही त्यात मला कुणी काडीची किंमत दिली नाही.

भावोजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, शिंपी. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. माणूस दुकानाची पायरी चढेपर्यंत मास्तरांनी त्याचं माप नजरेनं घेतलेलं असतं, टेप नुसती खात्रीला. "गेल्या वेळेपेक्षा दीड इंच जास्त," असं चारचौघांत सांगायचे आणि वहीत लिहून घ्यायचे. समोरच्याचं तोंड एवढंसं व्हायचं. "मास्तर, जरा पोट आत घेतो, मग मोजा," असं कुणी म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं, "कोट घातल्यावर दिवसभर आतच घेऊन बसणार आहात का?"

तर अशा माणसाकडे एक दिवस दाताचे डॉक्टर आले. काखेत कोट नव्हता, फाटलेलं जाड कापड होतं. डॉक्टरांना सुट्टीच्या दिवशी तलावावर कयाक वल्हवायचा नाद. कयाक म्हणजे लांबट, निमुळती, एकट्यानं बसायची होडी. डॉक्टरांची कयाक वेगळ्याच जातीची निघाली. आत नुसता लाकडी सांगाडा, त्यावर ताणून शिवलेलं कापड, आणि कापडावर पाणी आत येऊ नये म्हणून व्हार्निश. ते कापड खडकाला घासून शिवणीत उसवलं होतं.

भावोजींनी ती शिवण उलटीपालटी करून पाहिली. मग चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा पाहिली.

"डॉक्टर," ते म्हणाले, "म्हणजे होडी शिवतात?"

"अशी होडी शिवतातच."

"आणि हे मला एकसष्टाव्या वर्षी कळतंय!"

ताई सांगते, त्या रात्री जेवतानाही ते पोळीची कड शिवणीसारखी चाचपत होते. बेचाळीस वर्षं लोकांना कोट शिवले, त्यातला एकही कधी तरंगला नाही, याचं त्यांना वाईट वाटत असावं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडून होडीच्या नकाशाची चार पानं आणली आणि थेट माझ्या कारखान्यात आले.

"मला सतरा फुटी दोन पट्ट्या दे. गाठ नसलेल्या."

"कशाला?"

"होडी करतोय. घरी."

मी रंधा खाली ठेवला. "खिळे किती लागतील?"

"खिळे लागत नाहीत."

"स्क्रू?"

"नाहीत."

"मग काय, थुंकी लावून चिकटवणार?"

"बांधणार. मेणाच्या दोऱ्यानं. खिळे मारले की होडी आखडते, बांधली की लाटेबरोबर वाकते. पानावर लिहिलंय तसं." आणि वर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझं काम वेगळं, हे काम वेगळं. तू मनाला लावून घेऊ नकोस."

मी मनाला लावून घेतलं. पट्ट्या चांगल्याच दिल्या, पण होडीच्या बरगड्यांसाठी, म्हणजे आडव्या कमानींसाठी, जे लाकूड मागितलं ते मी एका जुन्या कपाटातून निघालेलं दिलं. पस्तीस वर्षं वाळलेलं. तसलं लाकूड वाकत नाही, हे मला ठाऊक होतं. मी खोटं बोललो नाही. त्यांनी विचारलं नाही, एवढंच.

भावोजींचं घर दुकानाच्या पाठीमागे. आधी स्वयंपाकघर, मग अरुंद बोळ, आणि बोळाच्या टोकाला अक्कांची खोली. अक्का म्हणजे भावोजींची थोरली बहीण, वय अडुसष्ट. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, शेवटची पंधरा वर्षं वॉर्डाच्या मुख्य. अंगानं काडी, पण आवाज असा की सलाईनचा थेंबसुद्धा खाली पडायला परवानगी मागेल. दोन्ही गुडघे कामातून गेले होते. काठी घेऊन दुकानापर्यंत यायच्या आणि पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची तब्येत विचारायच्या. त्यांचं फिरणं तेवढंच उरलं होतं.

सतरा फूट सरळ जागा घरात एकच होती. शेगडीपासून बोळातून निघून अक्कांच्या पलंगापर्यंत. होडीचा सांगाडा तिथे सुतारी घोड्यांवर, म्हणजे लाकडी टेकूंवर, चढला. शेपूट स्वयंपाकघरात, पोट बोळात, आणि नाक अक्कांच्या उशापासून हातभर.

"धाकट्या," अक्का म्हणाल्या, "ही मगर माझ्या खोलीत किती दिवस राहणार?"

"महिनाभर."

"मग हिच्यावर मी पायमोजे वाळत घालणार."

घातलेही.

नकाशात एक गंमत होती. अशी होडी दुकानात मिळणाऱ्या बुटासारखी नंबरात येत नाही, ती बसणाऱ्याच्या अंगाची करतात. लांबी पसरलेल्या हातांच्या तिप्पट. उंची मांडीवर मूठ ठेवली तर मावेल एवढी. आणि वरचं भोक, ज्यातून आत शिरायचं, ते बसणाऱ्याच्या सीटच्या, म्हणजे बुडाच्या घेराच्या, मापाला दोन बोटं ढील सोडून. भावोजी हे वाचून हरखले. "ही होडी शिंप्यांनीच शोधून काढली असणार!" ते म्हणाले. "सुतारानं केली असती तर सगळ्यांना एकच माप बसवलं असतं."

ताईनं हातात टेप घेतली. "उभे राहा, घेते माप."

"माझं माप मला पाठ आहे," भावोजी म्हणाले, आणि विषय तिथेच संपला.

बरगड्यांसाठी कपाटाच्या लाकडाच्या पट्ट्या तीन दिवस न्हाणीघरातल्या टबात भिजत पडल्या. ताई तीन दिवस शेजारी अंघोळीला गेली. चौथ्या दिवशी भावोजींनी किटलीच्या तोंडाला पाइप लावला, पाइपाचं दुसरं टोक लांब पेटीत सोडलं, सांध्यांना चिंध्या गुंडाळल्या आणि पट्ट्यांना वाफ दिली. मला बोलावलं होतं, धरायला. पहिली पट्टी काढली, वाकवली, काड्कन मोडली. दुसरी काड्कन. तिसरी जरा वाकली, भावोजींच्या तोंडावर हसू आलं, आणि मग ती एवढ्या जोरात मोडली की अर्धी थेट ताईच्या पातेल्यात गेली. सातवी मोडल्यावर भावोजी स्टुलावर बसले. वाफेनं भिजलेल्या चष्म्यानं हातातल्या तुकड्याकडे बघत म्हणाले, "लाकूड मला कळत नाही रे. कापड कळतं."

पलंगावर बसून अक्का हे बघत होत्या. त्यांनी भावोजींकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं ज्या बाईनं "गोळी गिळली" म्हणणाऱ्यांची जीभ उचलून बघितली, तिच्या नजरेपुढे किती वेळ टिकणार?

"भावोजी," मी म्हटलं, "हे लाकूड फार वाळलंय. ओलं लागतं. मी आणतो."

"तुला माहीत होतं?" ताईनं विचारलं.

"आत्ता लक्षात आलं."

"हो का?" अक्का म्हणाल्या. बस, एवढंच.

मी त्याच संध्याकाळी ताजं कापलेलं लाकूड आणलं, सरळ रेषेचं. एक पट्टी मोडली, बाकी सगळ्या लोण्यासारख्या वाकल्या. बरगडीमागून बरगडी बसत गेली आणि बोळात खरोखरच एखाद्या मोठ्या जनावराची छाती तयार झाली. मला ते बघून काय वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही, पण घरी जाऊन खिळ्यांचा डबा उगाच जरा लांब सरकवून ठेवला.

मग बांधणी. भावोजी टाचणी-सुईचे राजे, पण गाठ त्यांना जमेना. गच्च ओढली की दोरा बोट कापायचा, ढिली सोडली की सांधा हलायचा. दोन दिवस अक्कांनी सहन केलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "इकडे दे. अशी पट्टी तू कुणाच्या पायाला बांधली असतीस तर पाय हातात आला असता."

त्यांनी पलंगावर बसूनच, नाकाकडून शेपटाकडे, एकेक सांधा बांधायला घेतला. दोन वेढे, आडवा फास, वर दुहेरी गाठ. पलंगावरून हात पोचेनासा झाला तेव्हा आम्ही त्यांना स्टुलावर बसवलं आणि स्टूल बोळातून पुढे सरकवत गेलो. बरगड्या मोजताना भावोजी चुकले तेव्हा त्या म्हणाल्या, "बरगड्या मला शिकवू नकोस." सहा दिवसांत एकशे चाळीस सांधे झाले. मी एक सांधा अंगठ्यानं हलवून पाहिला. हलला नाही. मग पटाशीच्या दांड्यानं हलवून पाहिला. तेव्हा अक्कांनी माझ्या हातावर चापट मारली.

कापड चढवायच्या दिवशी मात्र भावोजी आपल्या राज्यात आले. जाड पांढरं नायलॉन सांगाड्यावर टाकलं, मधोमध चिमटे लावले, आणि वरच्या बाजूनं शिवण घालायला सुरुवात केली. ताई एका बाजूनं ओढायची, मी दुसऱ्या बाजूनं, मधून भावोजींची सुई चालायची. "ओढ. अजून. थांब. खांद्याला झोळ येतोय." होडीला खांदे असतात हे मला त्या दिवशी कळलं. शेवटचा टाका घालून त्यांनी कापडावर टिचकी मारली, तर ढोलकीसारखा आवाज आला. कुठे सुरकुती नाही. मी सुतार असून सांगतो, तशी सफाई मी लाकडात आणलेली नाही.

व्हार्निशचे तीन हात दिले. वासानं शेजारचा न्हावी दोनदा बाहेर येऊन गेला, तिसऱ्यांदा गिऱ्हाईकालाच घेऊन बाहेर आला आणि रस्त्यावर दाढी केली.

रविवारी सकाळी होडी तलावाकडे निघाली. पुढे भावोजी, मागे मी, खांद्यावर होडी. वजन जेमतेम पोतंभर बटाट्यांच्या निम्मं. मागे ताई वल्हं घेऊन, आणि रिक्षात अक्का, मांडीवर स्टूल. आता विचार करा. सकाळची वेळ, दोन माणसांच्या खांद्यावर लांबट पांढरी वस्तू, मागे डोक्यावर पदर घेतलेली बाई. पहिल्या वळणावर एकानं सायकल थांबवून टोपी काढली. दुसऱ्या वळणावर दूधवाल्यानं मला हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"अजून कुणी नाही," मी म्हटलं.

भावोजींनी ऐकलं. मी सोबत पन्नास फूट दोर घेतलाय हेही त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी चाल वाढवली.

तलावावर लाकडी धक्का आहे, तिथे एक रखवालदार बसतो. त्यानं होडीवर टकटक केली, वाकून आत पाहिलं आणि विचारलं, "खिळे दिसत नाहीत?"

त्या माणसाबद्दल मला एकदम आपलेपणा वाटला.

होडी पाण्यात सोडली. ती अशी तरंगली की पाण्याला कळलंसुद्धा नसेल. भावोजी धक्क्यावर बसले, पाय भोकातून आत सरकवले, दोन्ही हातांवर भार घेतला आणि अंग खाली सोडलं.

अंग अडकलं.

त्यांनी जरा डावीकडे हलून पाहिलं. जरा उजवीकडे. स्वेटर काढला, ताईकडे फेकला. पुन्हा बसले. पुन्हा तिथेच. बाटलीच्या तोंडात बूच बसावं तसे ते भोकावर बसले होते, ना आत, ना बाहेर.

"पोट आत घ्या," रखवालदार म्हणाला.

"पोटाचा प्रश्न नाही," भावोजी दात आवळून म्हणाले.

त्यांनी सगळा जोर लावून एकदा खाली दाबलं, तेव्हा कुठे इंचभर सरकले, आणि त्यानंतर वरही येता येईना. होडी झुलायला लागली. मी एक हात धरला, ताईनं दुसरा. "ओढ!" ताई म्हणाली. आम्ही ओढलं, तर भावोजींबरोबर होडीही वर आली. साबण लावा, असं रखवालदारानं सुचवलं. अक्का स्टुलावरून म्हणाल्या, "श्वास सोड, अंग ढिलं सोड, आणि खोक." ते खोकले, आम्ही ओढलं, आणि फट् आवाज होऊन ते धक्क्यावर येऊन पडले.

ताईनं त्यांच्या अंगावर स्वेटर टाकला.

मग ताईनं विचारलं, "अहो, माप कधी घेतलं होतं?"

"वहीत आहे."

"वहीत कधीचं आहे?"

भावोजी तलावाकडे बघायला लागले.

"कधीचं आहे म्हणते मी?"

"लग्नाच्या कोटाचं," भावोजी म्हणाले.

मी हसलो नाही. म्हणजे, हसू नये म्हणून खाली बसून बुटाची नाडी बांधायला लागलो, आणि माझ्या पायात चपला होत्या. ताई मात्र खरोखरच हसली नाही. ती त्यांच्याजवळ बसली आणि म्हणाली, "त्या मापाचा माणूस मलाही आठवतो. छान होता. पण आता होडीत कोण बसणार?"

ताईनं बसणं शक्य नव्हतं, तिला पाण्याची भीती. मी बसलो असतो तर गुडघे कानाशी आले असते. रखवालदाराला विचारलं, तर तो म्हणाला, "माझी ड्युटी जमिनीवर असते."

"मला बसवा," अक्का म्हणाल्या.

आधी वाटलं, त्या चेष्टा करतायत. पण त्यांनी काठी ताईच्या हातात दिली होती आणि चपला काढून नीट शेजारी शेजारी ठेवल्या होत्या.

"वन्सं, तुमचे गुडघे!" ताई म्हणाली.

"पाय लांब करूनच बसायचंय ना? त्याला गुडघे कशाला लागतात?"

"अक्का, पडलीस तर?" भावोजी म्हणाले.

"तुला पोहायला कुणी शिकवलं होतं रे?"

अक्कांनीच शिकवलं होतं, कान धरून.

आम्ही दोघांनी त्यांना उचललं आणि खाली सोडलं. म्यानात तलवार जावी तशा त्या आत गेल्या. दोन्ही बाजूंना बरोबर दोन बोटं ढील. भावोजींनी वाकून बघितलं आणि त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "फिटिंग झकास!"

मी दोराचं टोक शेपटाला बांधलं आणि दुसरं मुठीत धरलं. अक्कांनी वल्हं हातात घेतलं, एकदा डावीकडे मारलं, एकदा उजवीकडे. होडी जरा डगमगली, ताईनं डोळे मिटले. मग होडी सरळ झाली आणि निघाली. दहा फूट, वीस, चाळीस. दोर ताणला गेला.

"सोड," अक्का मागे न बघता म्हणाल्या.

"अक्का, पहिल्या दिवशी इतकंच..."

"सोड म्हटलं ना?"

तो वॉर्डातला आवाज होता. मी शपथेवर सांगतो, मी दोर सोडायचं ठरवलं नव्हतं. हातांनी परस्पर सोडला.

अक्का गेल्या. पांढरी होडी पाण्यावरून सुईसारखी चालत होती, मागे एक बारीक रेघ सोडत. जी बाई स्वयंपाकघरापासून दुकानाच्या पायरीपर्यंत तीनदा थांबायची, ती तलावाच्या मधोमध पोचलीसुद्धा. भावोजी धक्क्याच्या अगदी टोकाला उभे होते. त्यांना हेवा वाटत होता हे स्पष्ट दिसत होतं. त्यांचा हात नकळत हवेत वल्हवत होता. पण थोड्या वेळानं त्यांनी मला कोपरानं ढोसलं आणि म्हणाले, "इथून बघ. एक तरी झोळ दिसतो का?"

"नाही भावोजी."

"आणि गाठी तिच्याच आहेत."

वीस मिनिटं झाली, तीस झाली. अक्का पलीकडच्या काठाला जाऊन बदकांच्या घोळक्यात शिरल्या, बाहेर आल्या आणि पुन्हा शिरल्या. रखवालदारानं अपघातांची वही काढून "वय काय लिहू?" असं विचारलं. चाळीस मिनिटांनी त्या परतल्या. गाल लाल, केस सुटलेले. बाहेर काढताना आम्हा दोघांना त्यांना उचलावं लागलं, आणि धक्क्यावर पाय टेकताच गुडघ्यांनी त्यांना पुन्हा अडुसष्ट वर्षांचं केलं. पण बसल्या बसल्या पहिलं वाक्य काय बोलाव्यात?

"धाकट्या, उजवीकडे ओढते जराशी."

भावोजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. "नाचता येईना अंगण वाकडं," ते म्हणाले. "वल्हवणाऱ्याचा हात उजवीकडे जड असेल."

"अंगणच वाकडं आहे. घरी जाऊन बघ."

घरी आल्यावर भावोजींनी होडी घोड्यांवर पालथी घातली, सुतळी ताणली आणि एक डोळा मिटून पाहिलं. मग मला बोलावलं. मीही पाहिलं. कणा अर्धं बोट उजवीकडे वळलेला होता. भावोजींनी अक्कांच्या खोलीकडे बघून, मोठ्यानं नाही पण ऐकू जाईल असं म्हटलं, "बरोबर आहे तुझं." माझ्या आठवणीत हे असं पहिल्यांदाच झालं. शेपटाखाली मी एक लहानशी पट्टी लावून दिली, म्हणजे होडी सरळ जाईल. हो, बांधूनच लावली.

त्यानंतर अक्का आठवड्यातून तीनदा तलावावर जायला लागल्या. त्यांना उचलून बसवायला रखवालदार आपण होऊन पुढे यायचा, कारण त्याच्या खोकल्यावर त्यांनी औषध सांगितलं होतं आणि तो बरा झाला होता. भावोजी काठावर बसायचे. पंधरा दिवस त्यांनी हे सोसलं. सोळाव्या दिवशी ते ताईसमोर येऊन उभे राहिले, दोन्ही हात बाजूला पसरले आणि म्हणाले, "घे."

ताईनं टेप घेतली. मी पेन्सिल घेतली.

"श्वास सोडा," ताई म्हणाली.

"सोडलाय."

"सगळा सोडा."

त्यांनी सगळा सोडला. ताईनं आकडा सांगितला. मी तो इथे सांगणार नाही, भावोजी अजून माझे भावोजी आहेत. पण त्यांनी तो स्वतः वहीत लिहिला, तारीख घातली आणि खाली रेघ मारली.

दुसरी होडी दीड महिन्यात झाली. ओलं लाकूड मी पहिल्या दिवशीच दिलं. ती पहिलीपेक्षा रुंद होती, बुटकी होती, आणि बोळात तिच्या बाजूनं जाताना पोट आत घ्यावं लागायचं. पण भावोजी तिच्यात बसले तेव्हा सुखानं बसले. पाच सेकंद बसले. मग ती हळूच उजवीकडे कलली आणि भावोजी पाण्यात गेले. वर आले ते ओरडतच, "दोर! दोर टाक!"

"उभा राहा!" अक्का आपल्या होडीतून म्हणाल्या.

ते उभे राहिले. पाणी कमरेपर्यंत होतं.

आम्ही होडी पालथी करून पाणी काढलं, ते पुन्हा बसले आणि पुन्हा पडले. तिसऱ्यांदा अक्कांनी आपली होडी शेजारी आणून, आपलं वल्हं दोन्ही होड्यांवर आडवं धरलं. "खांदे सोड. कोटाच्या आत हँगर असल्यासारखा बसू नकोस." भावोजींनी खांदे सोडले. अक्कांनी वल्हं काढून घेतलं. भावोजी बसलेलेच राहिले.

ते दोघं काठाकाठानं निघाले. पुढे त्या, मागे हे, पाणी गळतंय, मिशी चिकटलेली. धक्क्यावरून आम्हाला ऐकू येत होतं. भावोजी सारखे बोलत होते. कापड कसं धरलंय बघ, शिवण कशी पाण्याच्या वर राहिलीय बघ, ती बदकं बघ.

"धाकट्या," अक्का म्हणाल्या, "तोंड मिट आणि वल्हव. पुढे वारा आहे."